लाल तेल, कूलर आणि कुंभार्लीचा घाट : आमची वाटचाल

बाबांनी खेर्डीत गॅरेज सुरू केलं तेव्हा चिपळुणात गाड्या म्हणजे अॅम्बॅसेडर, फियाट आणि जीप. पत्र्याची शेड, चिऱ्याची एक भिंत आणि गाडीखाली उतरायला खड्डा, एवढ्यावर धंदा चालायचा. मे महिना आणि गणपती या दोन वेळेला चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागायची, बाकी वर्षभर टॅक्सीवाले आणि एसटी चुकलेल्या माणसांना सोडणाऱ्या जीपा.

मी बाबांच्या हाताखाली शिकलो ती पहिली गोष्ट तेलाचीच. एका फियाटचा दुसरा गिअर पडताना कुरकुर करायचा. बाबांनी गिअरबॉक्सचं तेल स्टीलच्या ताटलीत काढलं, ताटली उन्हात तिरकी धरली आणि मला म्हणाले, "बघ, काय दिसतं?" तेलात पितळेची बारीक चकाकी होती. कुणीतरी मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलचं तेल गिअरबॉक्समध्ये ओतलं होतं. दोन्ही डब्यांवर नव्वद नंबर, वास पण सारखाच, पण दर्जा वेगळा : गिअरबॉक्सचं जीएल-४ आणि डिफरन्शियलचं जीएल-५. डिफरन्शियलचे दाते एकमेकांवर घासत फिरतात, म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसचा मसाला जास्त असतो. तोच मसाला गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगवर बसला की तिचा वरचा थर सोलून नेऊ शकतो. शिवाय तेल फार निसरडं झालं की रिंगची पकड बसत नाही आणि गिअर कुरकुरतो. त्या दिवसापासून आमच्याकडे "नव्वद नंबर द्या" असं दुकानात कुणी म्हणत नाही. डब्याच्या मागचं बारीक अक्षर वाचून तेल घ्यायचं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सकडे आम्हाला पुराने नेलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं ते चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको. आमचं वेल्डिंग मशीन, कॉम्प्रेसर, बाबांची हत्यारांची पेटी, सगळं पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर आठ दिवस आम्ही स्वतःचाच चिखल काढत होतो आणि तेवढ्यात दारात गाड्या यायला लागल्या. त्यातल्या बऱ्याच ऑटोमॅटिक. गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून (हवा आत-बाहेर होते ती नळी), तेलाची पातळी मोजायच्या डिपस्टिकच्या नळीतून पाणी आत गेलेलं. गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं चेंबर खोललं की आतून लाल तेलात मिसळलेलं गुलाबी, दुधाळ पाणी यायचं. अगदी सोलकढी. माझ्या आईने पहिल्यांदा ती बादली पाहिली आणि पदर तोंडाला लावला.

पुरातली गाडी चुकूनही सुरू करू नका, हे मी तेव्हा शंभर जणांना फोनवर सांगितलं असेल. ऑटोमॅटिकच्या क्लच प्लेटवर कागदासारख्या तंतूंचं अस्तर चिकटवलेलं असतं. पाणी त्या अस्तरात मुरतं आणि चिकटवलेला थर सुटायला लागतो. नुसतं तेल बदलून दिलेल्या दोन गाड्या महिन्याभरात परत आल्या, तेव्हा आम्हाला हे नीट उमगलं. त्यानंतर पाणी गेलेला प्रत्येक बॉक्स उतरवून उघडला. त्या पावसाळ्यात आम्ही जेवढे ऑटोमॅटिक बॉक्स उघडले तेवढे आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून उघडले नव्हते. हात बसला, आणि जिल्ह्याबाहेरूनही काम यायला लागलं.

मग ती मर्सिडीज आली.

गुहागरकडचे एक निवृत्त सर. त्यांच्या वडिलांची मर्सिडीज, डब्ल्यू१२३ बॉडीची, २४०डी मॉडेल, चार सिलिंडरची डिझेल. गाडीचा पत्रा त्यांनी जिवापाड जपला होता, पण इंजिन थकलेलं, आणि नवं असतानाही ती फार जोराची गाडी नव्हती. त्यांना त्याच काळातलं ३००डीचं पाच सिलिंडरचं, तीन लिटरचं इंजिन हवं होतं, आणि गुडघ्यांमुळे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मर्सिडीजने स्वतःच त्या बॉडीत हे इंजिन दिलेलं असल्याने माउंटिंग, इंजिन-गिअरबॉक्स जोडणारं बेल हाउसिंग, सगळं जुळतं. आरटीओची परवानगी आणि आरसीवर नव्या इंजिन नंबरची नोंद ही आमची पहिली अट होती. दुसरी गोष्ट मी सरांना बसवून सांगितली : २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची विंटेज म्हणून नोंद होते, पण ती मूळ रूपात असली तरच. इंजिन बदललं की तो रस्ता अवघड होतो. सर दोन दिवस विचार करून आले. म्हणाले, "मला ती चालवायची आहे रे, ठेवायची नाही."

इंजिन बसलं. मर्सिडीजचा चार गिअरचा ७२२.३ ऑटोमॅटिक बॉक्स मुंबईहून आणून आम्ही पूर्ण उघडला, सगळी सीलं आणि क्लच प्लेट नव्या घातल्या. कामाचा अभिमान वाटावा असा बॉक्स झाला होता. आणि शेवटच्या दोन गोष्टींत आम्ही घाई केली. तेल म्हणून पुरवठादाराने दिलेलं "सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं" असं लाल तेल भरलं. आणि मॅन्युअल गाडीच्या रेडिएटरमध्ये तेल थंड करायची नळी नसते, म्हणून एक लहान कूलर बंपरच्या मागे खाली बसवला, पेट्रोलच्या रबरी पायपाने जोडला आणि वर साधी क्लिप आवळली.

मे महिन्यातली दुपार. चौघं गाडीत, मी चालवतोय. शिरगाव, पोफळी गेलं, कुंभार्ली चढायला लागलो. समोर दोन भरलेले ट्रक, वेग वीसच्या आसपास. सहा-सात वळणांनंतर तिसरा गिअर पडताना इंजिनाचा आवाज उगाच वर गेला, मग गाडीने धक्का घेतला. जळकट वास आला. बाजूला घेऊन डिपस्टिक ओढली : लाल तेल कोऱ्या चहासारखं काळपट झालं होतं. सर काही बोलले नाहीत. कठड्यावर बसून दरीकडे बघत राहिले. ते शांत बसणं मला आजही आठवतं.

गाडी टो करून खाली आणली, बॉक्स उतरवला. क्लच प्लेट काळ्या, काचेसारख्या गुळगुळीत. रबरी पायपाला आतून फुगे आलेले आणि एका वळणावर तो दबून अर्धा बंद झालेला. दुसऱ्यांदा केलेल्या कामाचा सगळा खर्च आम्ही सोसला, त्यात शंका नव्हती.

या बॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरला, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाला, लॉकअप (दोन्ही बाजू थेट जोडणारा क्लच) नाही. म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाचा थोडा घसारा कायम असतो, आणि तो घसारा म्हणजे उष्णता. सपाटीवर घसारा कमी. घाटात, वेग कमी आणि जोर जास्त असताना तो सगळ्यात जास्त. नेमकं तेव्हाच गाडीच्या नाकावर वारा नसतो. बंपरमागच्या छोट्या कूलरला ट्रकच्या मागे वीसच्या वेगात वारा मिळणार कुठून? हे मला आधी कळायला हवं होतं.

मग आम्ही ऑटोमॅटिकचा रेडिएटर नवीन मागवला, ज्याच्या थंड बाजूच्या टाकीत तेलाची नळी असते. पाणी हवेपेक्षा कितीतरी चांगली उष्णता ओढतं, आणि इंजिनाचा पंखा गाडी उभी असतानाही चालू असतो. भंगारातला रेडिएटर घ्यायचा नाही, यावर मी अडून बसलो. आतली नळी कुजली तर कूलंट तेलात मिसळतं आणि पुराच्या गाड्यांसारखीच सोलकढी होते. त्यातलं ग्लायकॉल क्लचचं अस्तर आणखी लवकर सोडवतं. नवा रेडिएटरही आम्ही नळीचं एक तोंड बंद करून, दुसरीकडून हवा देऊन पाण्याच्या टाकीत बुडवून तपासला. शिवाय एक प्लेटचा कूलर रेडिएटरच्या पुढे, उंचावर, तोंडं वरच्या बाजूला ठेवून, म्हणजे आत हवा अडकत नाही. त्याला स्वतःचा लहान इलेक्ट्रिक पंखा. बॉक्समधून गरम तेल आधी रेडिएटरमध्ये, मग प्लेट कूलरमध्ये आणि तिथून परत बॉक्समध्ये. उलटं जोडलं तर कूलरने थंड केलेलं तेल रेडिएटर पुन्हा गरम करतो. कुठली लाइन बाहेर येणारी हे अंदाजाने ठरवायचं नाही. लाइन सोडून डब्यात धरायची, इंजिन दोन-तीन सेकंद सुरू करायचं, तेल कुठून येतं ते डोळ्यांनी बघायचं.

पायपांसाठी स्टीलच्या लाइनी वाकवल्या, सायलेन्सरपासून दूर ठेवल्या, टोकांना फुगवटा काढला म्हणजे होज निसटत नाही. होज फक्त ट्रान्समिशन तेलाच्या दर्जाचा.

तेलाचा अभ्यास मात्र रात्री घरी बसून केला. लाल रंग म्हणजे नुसता रंग. गळती कुठली हे ओळखता यावं म्हणून घातलेला. खरं काम घर्षण सांभाळणाऱ्या मसाल्याचं. फोर्डच्या जुन्या टाइप-एफ तेलात तो मसाला नाही, म्हणून क्लच एकदम पकडतो. जनरल मोटर्सच्या डेक्सरॉनमध्ये तो असतो, क्लच हळू, गुळगुळीत बसतो. आमचा बॉक्स डेक्सरॉन-२ च्या जमान्यातला. डेक्सरॉन-३ चं परवाना देणं जनरल मोटर्सने केव्हाच थांबवलं, त्यामुळे आज डब्यावर "डेक्सरॉन-३ साठी योग्य" असं लिहिलेलं असतं ती त्या कंपनीची स्वतःची हमी असते. डेक्सरॉन-६ नवं आहे, पण पातळ. जुन्या बॉक्समध्ये पातळ तेल ओतायला माझा हात धजत नाही. मर्सिडीजच्या मंजुरीचे आकडे डब्यावर असतात. त्यातला २३६.१४ नंतरच्या पिढीच्या बॉक्ससाठी आहे, तो आकडा नवा म्हणून चांगला असं समजू नये. शेवटी जुन्या बॉक्ससाठी मंजूर असलेलं, डेक्सरॉन-३ दर्जाचं खनिज तेल आम्ही सीलबंद डब्यांतून घेतलं. कन्व्हर्टरलाही ड्रेन बोल्ट असतो, तो सोडल्याशिवाय निम्मं जुनं तेल आतच राहतं. पहिलं तेल थोडं चालवून पुन्हा काढलं.

पातळी तपासायची ती गाडी पी मध्ये, इंजिन सुरू आणि तेल ऐंशी अंशांवर असताना. थंड तेलाची पातळी बरीच खाली दिसते आणि माणूस वर ओतत बसतो. डिपस्टिक पुसायला वेस्ट (सुताच्या दोऱ्यांचा गुंता) वापरायचं नाही. त्याचा एक दोरा गिअर बदलणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत गेला तर गिअर अडकतो. आमच्याकडे त्यासाठी धुतलेलं, दोरे न सुटणारं कापड वेगळ्या डब्यात असतं, आणि नव्या मुलाला पहिल्या दिवशी तो डबा दाखवतो.

एक चेंबरमध्ये आणि एक बाहेर येणाऱ्या लाइनवर, असे तापमानाचे दोन सेन्सर बसवून आम्ही पुन्हा कुंभार्लीला गेलो. तोच मे महिना सरत आलेला, तशीच दुपार, चौघं गाडीत. मी मुद्दाम एका ट्रकमागे राहिलो. बाहेर येणाऱ्या लाइनवर काटा एकशे दहाला टेकला, चेंबरमध्ये ब्याण्णव. माथ्यावर पोचेपर्यंत तिथेच राहिला. सर मागच्या सीटवरून पुढे वाकून त्या काट्याकडे बघत होते.

तेव्हापासून इंजिन बदलायचं काम आलं की इंजिन उचलायच्या आधी गिअरबॉक्सचं तेल आणि कूलर कागदावर ठरतो. माझ्या बायकोने त्यासाठी एक वही केली आहे : गाडी, बॉक्स, तेलाचं नाव आणि दर्जा, किती लिटर, कूलर कुठे, कुठल्या घाटात किती तापमान. गिऱ्हाइकाला त्याची झेरॉक्स मिळते. कोकणात दर पावसाळ्यानंतर प्लेट कूलर मागून हलक्या पाण्याने धुवावा लागतो, नाहीतर लाल माती फिन्समध्ये बसते. खाऱ्या वाऱ्यात, गुहागर-दापोलीच्या किनाऱ्यावर तर अॅल्युमिनियमच्या फिन्सना पांढरी पूड धरते, तिथल्या गाड्यांना आम्ही वर्षातून दोनदा बोलावतो. हेही वहीत आहे.

सर गेल्या दिवाळीत गाडी घेऊन कऱ्हाडला बहिणीकडे गेले. हेळवाकला चहाला थांबल्यावर त्यांनी फोन केला. नमस्कार-चमत्कार काही नाही. म्हणाले, "ब्याऐंशी." आणि फोन ठेवला. बायकोने तो आकडा तारखेसकट वहीत लिहून घेतला.