तुम्ही विचारलंत म्हणून: आधी गजर ठरवा

"गोळ्याबिळ्या नकोत, मन ताळ्यावर राहावं म्हणून रोज घरी करता येईल असं काहीतरी साधं सांगा." ठाण्यात या विषयावर बोलायला उभं राहिलं की हा प्रश्न येतोच. बहुतेकदा कार्यक्रम संपल्यावर, चपला घालता घालता, हळू आवाजात. आवाज का उतरतो हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. १९०१ साली इथे मनोरुग्णालय उभं राहिलं आणि 'याला ठाण्याला पाठवा' हा अख्ख्या मराठी मुलखाचा विनोद होऊन बसला.

विचारणाऱ्याला वाटत असतं, आता ध्यान सांगतील. मी सांगते ते त्यांना फार किरकोळ वाटतं: उठायची वेळ ठरवा. झोपायची नव्हे, उठायची. डोळा कधी लागेल हे आपल्या हातात नसतं, गजर असतो.

समजा, सव्वासहा ठरले. मग रात्री दोनला झोप लागली तरी सव्वासहाच. रविवारी फार तर तासभर उशीर चालेल. दहापर्यंत लोळलात तर त्या रात्री झोप लांबणार आणि सोमवारची सकाळ हमखास जड जाणार. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पंधरा-वीस मिनिटं उजेडात जा. दूध आणायला जा, गॅलरीत चहा घ्या. पावसाळी ढगाळ आभाळसुद्धा घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त उजेड देतं आणि शरीराचं घड्याळ त्या उजेडावरच लागतं. पहिला आठवडा दिवसा पेंग येते आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. ती पेंगच रात्री उपयोगी पडते. दोन-तीन आठवडे तरी द्या. (बायपोलर, म्हणजे अति उत्साह आणि उदासी आलटून पालटून येण्याचा आजार असेल किंवा फिट येत असतील, तर मात्र झोपेत असे बदल डॉक्टरांना विचारूनच करा.)

ही झोपेची भूक बिघडवणारी आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे परतीच्या लोकलमधली डुलकी. वाशीहून ठाण्याला येताना संध्याकाळी साडेसातला खिडकीला डोकं टेकून अर्धा तास झोपलात, तर ते जेवणाआधी वडापाव खाण्यासारखं झालं. अकराला भूक कुठून येणार? डुलकी हवीच असेल तर दुपारी तीनच्या आत, वीस मिनिटं. चहाचंही तसंच. चहा-कॉफीतल्या कॅफीनचा निम्मा भाग उतरायला साधारण पाच तास जातात, म्हणजे सहाचा कटिंग अकरालाही अर्धा अंगात असतो. आणि 'झोपेसाठी एक पेग' घेणाऱ्यांनी पहाटे तीनला टक्क जाग का येते ते पाहावं. दारू झोपवते, पण उत्तररात्रीची झोप मोडते.

अंथरुणात वीसेक मिनिटं तळमळ झाली की उठा. घड्याळ बघू नका, अंदाज पुरे. वन रूम किचनमध्ये चौघं झोपलेले असतील तर ओट्याजवळ खुर्ची टाका आणि मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा. पेंग आली की परत आडवे व्हा. नाहीतर अंथरूण म्हणजे विचार करायची जागा, असं मेंदू शिकून बसतो.

विचारांना आपली वेगळी जागा द्यायची. संध्याकाळी, झोपेच्या निदान दोन तास आधी, वीस मिनिटं वही घेऊन बसा. 'ऑफिसचं टेन्शन' असं लिहिलंत तर काहीच हलत नाही. किती, कोण, कधी, हे लिहा: 'पाच तारखेला हप्ता जातो, खात्यात आठ हजार कमी पडतात.' त्याखाली पुढची एकच कृती: 'उद्या अकरा वाजता बँकेला फोन.' जिथे आपलं काहीच चालत नाही, तिथे 'हातात नाही' असं लिहून पुढे जायचं. दिवसभरात काळजी डोकं वर काढेल तेव्हा एक शब्द टिपायचा आणि तिला संध्याकाळची वेळ द्यायची. सुरुवातीला ती ऐकत नाही, मग हळूहळू ऐकते. चुकतं ते दोन ठिकाणी. वही अंथरुणात नेली जाते, किंवा कृतीची ओळ गळते आणि नुसतं गाऱ्हाण्यांचं बाड तयार होतं. शक्यतो कागदच घ्या. फोनवर लिहायला बसलं की बोट रील्सकडे वळतं.

श्वासाबद्दल थोडक्यात: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. जोर लावून भरभर खोल श्वास घेतले तर शरीरातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि माणूस आणखी घाबरतो. श्वास सावकाश हवा, मोठा नको. हे गाडीत उभ्यानेही जमतं.

चालण्याचे फायदे सगळ्यांना पाठ असतात, अडतं ते 'मूड नाही' इथे. मन खचलेलं असताना उत्साह आधी येत नाही. चालायला लागल्यावर आला तर येतो. म्हणून वेळ आणि जागा बांधून घ्या. कचराळी तलाव, उपवन, वाशीचं सागर विहार, जे जवळ असेल ते. पावसात सोसायटीचं पार्किंगही चालेल. ठरवायचं दहाच मिनिटांचं. आणि जमलं तर एकट्याने नको, कुणाशी तरी बोलत चाला. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डला अंगठ्याचं चिन्ह टाकणं म्हणजे बोलणं झालं असं मी मानत नाही.

हे सगळं करूनही बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ मन उदास राहिलं किंवा कशातच रस उरला नाही आणि असे दोन आठवडे गेले, तर सवयींवर विसंबू नका. डॉक्टर गाठा. थायरॉइड किंवा बी-१२च्या कमतरतेनेही असंच वाटू शकतं, त्याची रक्ततपासणी होते. गोळ्या लागल्याच तर उदासीवरच्या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून परस्पर थांबवू नका. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर दोन आठवड्यांचा हिशेब करायचाच नाही, घरातल्या कुणाला तरी त्याच क्षणी सांगा आणि १४४१६ लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. काय बोलावं सुचत नसेल तर कागदावर तीन ओळी आधी लिहून घ्या: कधीपासून वाटतंय, झोप आणि भूक कशी आहे, कोणती औषधं चालू आहेत. पलीकडून आवाज आला की ते वाचून दाखवा.