सहलीआधीची सहल

शनिवार, रात्र

आज आम्ही तिघं थीम पार्कला जाऊन आलो. डिसेंबरात लेकीच्या शाळेची सहल तिथेच जाणार आहे, म्हणून त्याआधी आपण एकदा जाऊन यायचं हे दिवाळीच्या सुट्टीतच ठरलं होतं. सहल म्हटली की बाकीच्या घरांत पैसे भरायचे, टोपी आणि पाण्याची बाटली द्यायची आणि पहाटे बसपर्यंत सोडून यायचं. आमच्याकडे आधी तिथलं स्वयंपाकघर कळावं लागतं.

लेकीला सिलिअ‍ॅक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं आणि अन्नातलं सत्त्व शोषून घेणारं आतलं अस्तर झिजत जातं. मागच्या वर्षीचे फ्रॉक तिला पुढच्या वर्षीही व्हायचे. लोहाचं औषध चालू असूनही हिमोग्लोबिन वर येत नव्हतं. मग टीटीजी ही सिलिअ‍ॅकसाठीची रक्ततपासणी झाली, एन्डोस्कोपीतून आतड्याचा तुकडा तपासला आणि निदान झालं. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. ग्लूटेन आयुष्यभर पूर्ण बंद, एवढाच उपचार.

पहाटे तांदळाची उकड काढून भाकऱ्या केल्या. ज्वारीची दुपारपर्यंत वातड होते, ही मऊ राहते. सोबत बटाट्याची सुकी भाजी, नाचणीचे लाडू, केळी. पीठ घरघंटीवरचं. बाहेरच्या गिरणीत आधी गहू दळलेला असला की मागून टाकलेल्या ज्वारीत तो येतोच, म्हणून आमच्या घरघंटीत गहू कधीच पडत नाही. पोळपाट आणि तवाही तिचा वेगळा. या बाबतीत मराठी घराचं मला मोठं बळ वाटतं. भाकरी, आंबोळी, घावन, मोदक, भगर, राजगिरा, शिंगाडा हे सगळं आपल्याकडे आधीपासूनच आहे. आजीच्या एकादशीला लेक अगदी खुशीत असते, कारण त्या दिवशी सगळ्या घराचं ताट तिच्यासारखं असतं.

पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. आधी ईमेल केला होता, डॉक्टरांचं पत्र जोडलं होतं आणि ‘पत्राची प्रत सोबत ठेवा’ असं उत्तरही आलं होतं. तरी गेटवर पिशवी उघडली तेव्हा माझ्या छातीत धडधडत होतं. सुरक्षेच्या ताईंनी पत्र वाचलं, वरच्यांना फोन लावला. तेवढ्यात लेक त्यांना म्हणाली, “ताई, मला गहू अजिबात चालत नाही. लाडू नाचणीचे आहेत, बघा.” ताईंनी डबा उघडून बघितला, झाकण नीट लावलं आणि तिच्याच हातात परत दिला.

मग सरळ मोठ्या पाळण्याकडे. तिथे दाराशी उंचीची पट्टी असते, रंगवलेल्या खांबावर आडवी रेघ. आजारपणात आम्ही एका जत्रेत गेलो होतो, तिथे ती अशाच रेघेच्या बरीच खाली होती. धाकटी चुलत भावंडं आत गेली आणि ती माझा हात धरून बाहेर उभी राहिली होती. आज तिने चप्पल काढली (कुणी सांगितलं नव्हतं), टाचा खांबाला टेकवल्या आणि मान ताठ केली. दारावरच्या दादाने डोक्यावर तळवा ठेवला. रेघ तळव्याच्या खाली होती. “जा,” तो म्हणाला. त्याच्यासाठी ते शंभरावं मूल असेल. मला मात्र वेगळे दळलेले किलोकिलो पीठ, परत पाठवलेले केक, लग्नांत उपाशी बसलेली ती, सगळं त्या रेघेवर मोजलेलं दिसलं. तिच्या बाबाने फोटो काढायला मोबाइल वर धरला आणि तसाच धरून राहिला. फोटो काही निघाला नाही.

दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये गेलो. डबा होताच, पण सहलीत तिच्या मैत्रिणी रांगेत उभ्या राहून काहीतरी घेणार, तेव्हा तिलाही एखादी खिडकी हवी, हा आजच्या फेरीचा खरा हेतू होता. पहिल्या काउंटरवर फ्रेंच फ्राइज. बटाटाच तर आहे, पण कढईत शेजारी समोसे तळले जात होते, म्हणजे मैदा त्याच तेलात. तेल वेगळं आहे का असं विचारलं, तर तिथला मुलगा फार प्रेमाने म्हणाला, “द्या हो मॅडम, थोड्याने काय होतंय?” हे वाक्य मी इतक्या माणसांकडून, इतक्या मायेने बोललेलं ऐकलं आहे की त्याचा राग येत नाही, भीती वाटते. आपल्या देशात पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ असं छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. समोशाचा एक पापुद्रा तेलात सुटला तरी काय होतं, याचा अंदाज त्यावरून यावा. आणि त्रास दर वेळी दिसतोच असंही नाही. पोट दुखलं नाही तरी आत झीज चालूच असते.

मक्याच्या दाण्यांपाशी ती स्वतः पुढे झाली. “काका, मसाला नको, नुसतं मीठ आणि लोणी.” चाट मसाल्यात हिंग असतो, आणि आपल्याकडे डबीत मिळणारा हिंग म्हणजे बहुतेक वेळा बांधानी हिंग, मैद्यात किंवा डिंकात मळून केलेला. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो सहसा तसा वापरत नाहीत. गव्हाचा माग काढताना वरण, लोणचं, पापड, ताकातली फोडणी, सगळीकडे हा हिंगच आडवा येतो. घरी आम्ही तांदळाच्या पिठातला शोधून आणतो.

शेवटी इडलीच्या काउंटरला गेलो. तिथल्या आचाऱ्यांना मी विचारलं आणि ते “थांबा” म्हणून आत गेले. परत आले ते हिंगाची पिवळी डबी घेऊन. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मागचं बारीक अक्षर बोट फिरवत मोठ्याने वाचलं: डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. “म्हणजे सांबार नाही चालणार तुम्हाला,” ते म्हणाले. “चटणीला फोडणी द्यायचीय अजून, त्याआधी वाटीभर काढून ठेवतो. इडलीत तांदूळ आणि उडीद, रवा नाही. पण डोसा घेऊ नका, त्याच तव्यावर रवा डोसा होतो.” तव्याचं मी विचारलंसुद्धा नव्हतं. त्यांनी हात धुतले, धुतलेला चमचा घेतला आणि कडेच्या भांड्यातून इडल्या काढल्या.

“डोसा घेऊ नका” हे ऐकून मला किती हायसं वाटलं ते कसं लिहू? आमच्यासारख्यांना ‘हो हो, सगळं चालेल’ म्हणणारा नकोच असतो. नाही म्हणणारा हवा, नाही तर ‘मला माहीत नाही, बघून सांगतो’ म्हणणारा. त्याच्याच हातचं मग निर्धास्त खाता येतं. लेकीने ट्रे स्वतः उचलला. चटणी हिंदकळू नये म्हणून पावलं मोजत टेबलापर्यंत गेली, आणि इतर मुलांसारखीच अर्धी इडली टाकून पळाली. मी काही बोलले नाही.

खरं म्हणजे हे एका आचाऱ्याच्या भलेपणावर सोडायची गोष्ट नाही. लेबलांबाबतच्या २०२० च्या केंद्रीय नियमांत ग्लूटेन असलेल्या धान्यांचा उल्लेख पाकिटावर करणं आलं आहे. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांनी अशा घटकांची माहिती मेनूपाशीही द्यायची आहे. पण सहलीतली मुलं खातात ती बरीचशी अशा खिडक्यांवर, जिथे पाटीवर फक्त पदार्थ आणि किंमत असते. तिथे विचारावं लागतं, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाला प्रश्न विचारायची सवय हवी.

येताना गाडीत तिने विचारलं, “गव्हाने होतं हे कोणी शोधलं?” मी तिला डिके डॉक्टरांची गोष्ट सांगितली. विलेम-कारेल डिके, नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ. गव्हाचा संशय त्यांना दुसऱ्या महायुद्धाआधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि इतर मुलं खंगत असताना सिलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. पुढे १९५० मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “म्हणजे त्यांनी मुलं काय खातात ते नीट बघितलं.” आणि झोपून गेली.

सोमवारी शाळेत बाईंना भेटायचं आहे. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देते: इडली आणि फोडणीआधीची चटणी चालेल, मक्याला मसाला नको, तळलेलं काही नको, आइस्क्रीम कपात आणि पाकिटावरचं वाचून, कोन नको. सहलीचा दिवस कळला की त्या इडलीवाल्या काउंटरलाही आधी फोन करून ठेवायचा, नंबर घेतला आहे. डबा बाईंच्या पिशवीत नको, तिच्याच दप्तरात. बाबाचं म्हणणं, आपण गाडी काढून बसच्या मागोमाग जाऊ या. लेक म्हणते, मुळीच नको. मी तिच्या बाजूने आहे.