जेनोवा : उताराला लागलं की बंदर

मिलानहून आगगाडीने इटलीतल्याच जेनोवा या बंदराच्या शहरात, पिआत्सा प्रिन्सिपे स्थानकावर उतरलो, बॅग ओढत जुन्या गावात शिरलो आणि पंधराव्या मिनिटाला मोबाइलच्या नकाशाने हात टेकले. इथल्या बोळांना ‘कारुज्जी’ म्हणतात. काही तर असे की हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना लागावेत, आणि वर सहा-सहा मजले. कॉफीच्या दुकानातल्या आजींनी नुसतं बोट दाखवलं : उताराला लागा, बंदर येतं. हाच मंत्र तुम्हीही ठेवा. आणि बॅग पाठीवरचीच घ्या, माझ्या बॅगेचं एक चाक त्या दगडी फरशीवर कायमचं राहिलं.

बंदरासमोर सान जॉर्जोचा वाडा आहे, १२६० चा. १२९८ मध्ये व्हेनिसचं आरमार जेनोवाकडून हरलं, तेव्हा पकडलेला मार्को पोलो इथेच कैदेत होता असं सांगतात. कैदेत त्याने सोबत्याला सांगितलेल्या प्रवासकथेत ठाण्याचंही वर्णन आहे. ठाण्यात जन्म काढलेला मी, त्या भिंतीसमोर जरा जास्तच रेंगाळलो. वाड्याच्या तोंडावरूनच उड्डाणपूल नेलाय, फोटोत तो येणारच. जे. जे. पूल पाहिलेल्यांना नवल वाटणार नाही.

सान लोरेन्झो चर्चमध्ये उजवीकडे तोफेचा एक जाडजूड गोळा ठेवलाय. ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश आरमाराने शहरावर मारा केला, तेव्हा हा भिंत फोडून आत आला आणि फुटलाच नाही.

गारिबाल्दी रस्त्यावरचे वाडे मात्र माझे हुकले, कारण मी सोमवारी गेलो. संग्रहालयं बंद! दुसऱ्या दिवशी एकाच तिकिटात तीन वाडे झाले; तुर्सी वाड्यात नामवंत व्हायोलिनवादक पागानिनीचं व्हायोलिन आहे. १५७६ पासून इथे वाड्यांची सरकारी यादी असे. राजेरजवाडे पाहुणे आले की चिठ्ठी टाकून कोणाच्या घरी उतरवायचं ते ठरायचं. त्यातले ४२ वाडे २००६ पासून जागतिक वारशात आहेत.

शाकाहारींनी ‘फारिनाता’ शोधावा : हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, तांब्याच्या परातीत घालून भट्टीत भाजलेलं. आपलं धिरडंच, फक्त कडा कुरकुरीत. मिरची सोबत न्या.

संध्याकाळी पिआत्सा पोर्तेल्लोच्या लिफ्टने कास्तेल्लेत्तो या उंचावरच्या भागात चढा. स्लेटची छपरं आणि पलीकडे १५४३ चा ७७ मीटर उंच दीपस्तंभ. उतरताना अंधार झाला असेल तर बोळ टाळून मोठ्या रस्त्याने या.