वाक्य संपायच्या आधीच पुढे पळणारा मेंदू

मला एक वाईट खोड आहे, समोरचा बोलत असताना त्याचं वाक्य मीच पूर्ण करून टाकतो. परवा बायको म्हणाली, "मला तो सोफा आवडला..." आणि मी लगेच, "मग घेऊन टाकू की!" ती शांतपणे म्हणाली, "...नाही. आवडला नाही, असं म्हणत होते मी."

तर या खोडीचं खापर मी आता मेंदूवर फोडायचं ठरवलंय आणि माझ्याकडे पुरावापण आहे.

काही वर्षांपूर्वी एका लॅबमध्ये ईईजीच्या, म्हणजे डोक्यावरून मेंदूतले विजेचे सिग्नल टिपायच्या, प्रयोगाला व्हॉलंटिअर म्हणून बसलो होतो. डोक्याला घट्ट बसणारी टोपी, तिच्या एकेका भोकात सिरिंजने सोडलेलं गारगार जेल, आणि समोर स्क्रीनवर एका वेळी फक्त एक शब्द, तो गेला की पुढचा, तो गेला की पुढचा. आणि वाक्य चालू असताना पापणी लवायची नाही! कारण पापणी हलली की त्याचा सिग्नल इतका मोठा येतो की मेंदूचा त्यात वाहूनच जातो. आता पापणी लवू नका सांगितल्यावर माणसाला दुसरं काय सुचणार. घरी येऊन दोनदा शॅम्पू केला तरी केसात जेल होतंच.

हे सगळं सुरू झालं १९८० मध्ये. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या संशोधकांनी लोकांना असंच शब्दाशब्दाने वाचायला लावलं, आणि काही वाक्यांच्या शेवटी भलताच शब्द टाकला. त्यातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे, त्याने गरम ब्रेडला लावले... मोजे. (इंग्रजीत क्रियापद आधी उरकतं म्हणून मोजे शेवटी येतात, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) तर 'मोजे' दिसल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी ईईजीमध्ये एक निगेटिव्ह लाट येते, म्हणून तिचं नाव एन४००. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती वेगळीच. त्यांनी काही वाक्यांत शेवटचा शब्द बरोबरच ठेवला, पण एकदम मोठ्या अक्षरात दाखवला. लोक दचकले, पण लाट आली ती उलट्या दिशेची, पॉझिटिव्ह. म्हणजे एन४०० नुसत्या दचकण्याची नाही, तिचा संबंध अर्थाशी आहे. आणि हाच माझा पुरावा, वाक्य चालू असतानाच मेंदू अर्थ लावत पुढे निघालेला असतो.

ही लाट असते काही मायक्रोव्होल्टची, एका वाक्यात दिसतसुद्धा नाही, डझनावारी वाक्यांची सरासरी काढली की मग वर येते. त्यामुळे 'मशीनने मनातलं वाचलं' छाप बातम्या वाचल्या की माझं डोकं फिरतं. एफएमआरआयची, म्हणजे मेंदूतल्या रक्तप्रवाहाच्या स्कॅनची, रंगीत चित्रं दिसायला छान, पण तिथे रक्तप्रवाहातला बदल शिखराला पोचायलाच पाचेक सेकंद लागतात, तोवर आपण दुसऱ्या वाक्यावर गेलेलो असतो. घाईचा हिशोब ईईजीच ठेवू जाणे.

आणि व्याकरण चुकलं तर? 'मुलगी आला' टाइपच्या चुकांना बऱ्याचदा वेगळी लाट येते, पॉझिटिव्ह, ६०० मिलिसेकंदांच्या आसपास, पी६००. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं वा, अर्थाला एन४००, व्याकरणाला पी६००, झालं काम. पण तसं काही नीट बसलं नाही. 'जेवण मुलांना खात होतं' अशा धाटणीच्या वाक्यात व्याकरण ठीक, अर्थाचा पार बोऱ्या, आणि तरी इंग्रजीतल्या प्रयोगांत आली पी६००!

२००६ मध्ये निउलँड आणि व्हान बर्कुम यांनी तर लोकांना एका शेंगदाण्याची गोष्ट ऐकवली. शेंगदाणा नाचतोय, गातोय, एका मुलीबद्दल बोलतोय. मग 'शेंगदाणा खारवलेला होता' यापेक्षा 'शेंगदाणा प्रेमात पडला होता' हेच मेंदूला सोपं गेलं, खारवलेल्यालाच एन४०० मोठी. चार-सहा वाक्यांत मेंदू आयुष्यभराचं ज्ञान बाजूला ठेवतो, कमाल आहे.

पण 'नाही' या शब्दापाशी हाच हुशार मेंदू गडबडतो. १९८३ मध्ये फिशलर आणि सहकाऱ्यांनी 'रॉबिन हा पक्षी नाही' अशी वाक्यं दिली. धडधडीत खोटं, पण लाट छोटी, कारण रॉबिन आणि पक्षी यांची जोडी जुळते ना. उलट 'रॉबिन हे वाहन नाही' खरं असून लाट मोठी. म्हणजे तेवढ्या क्षणापुरता तो 'नाही' हिशोबात धरलाच गेला नाही. नंतर २००८ मध्ये दिसलं की 'नाही' म्हणायला काही कारण असेल, संदर्भ असेल, तर मेंदू तो वेळेत धरतो. कारण नसताना कोण कशाला सांगेल की रॉबिन वाहन नाही.

आता गंमत बघा, इंग्रजीत तो 'नाही' निदान पक्षी किंवा वाहन यायच्या आधी तरी येतो. आपल्याकडे तो बसलेला असतो पार शेवटी, सोफा आवडून झाल्यावर. मग माझ्यासारख्याने करायचं काय?

हे सगळं बायकोला समजावून सांगितलं, अगदी कागदावर लाट काढून. तिने ऐकून घेतलं. आता ती 'नाही आवडला मला' असं म्हणते, नाही आधी. पण काल 'नाही' ऐकल्याबरोबर मी म्हणालो, "बरं, नको तर नको," आणि तिचं वाक्य होतं, "नाही म्हटलं तरी बरा होता तो सोफा."