तुम्ही विचारलंत म्हणून: परका प्राणी ओळखायचा कसा?

पुण्यात राहून मी समुद्राच्या तळाचा गाळ चाळते असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथे समुद्र कुठाय? त्याचं उत्तर सोपं आहे. समुद्र डब्यांतून येतो. बंदरातला नाहीतर खाडीतला चिखल लोखंडी जबड्याने उपसायचा, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर धुवायचा, उरेल ते फॉर्मलिनमध्ये ठेवून त्यात गुलाबी रंग टाकायचा. मग ते डबे खंडाळ्याचा घाट चढून आमच्या टेबलावर येतात. जे कधी जिवंत होतं ते रंगाने गुलाबी झालेलं असतं, वाळू आणि शिंपल्यांचा चुरा तसाच असतो. आपण चिमटा घ्यायचा आणि गुलाबी ते वेचायचं. तांदूळ निवडण्यासारखंच काम, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली, आणि तांदूळ ठेवायच्याऐवजी अळ्या ठेवायच्या.

दुसरा प्रश्न मात्र अवघड आहे. नातेवाईक विचारतात, विद्यार्थी विचारतात. सगळ्यात नेमका विचारला तो गणेश पेठेतल्या मासळी बाजारातल्या मावशींनी. तिसऱ्या म्हणजे खायच्या शिंपल्या मोजून देता देता त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही म्हणता बाहेरदेशची कालवं आपल्याकडे येऊन बसलीत. पण ती बाहेरची हे तुम्हाला कळतं कसं? पाठीवर लिहिलेलं असतं काय?"

नसतं, मावशी. पण कधीकधी जवळजवळ लिहिल्यासारखंच असतं.

एक बारकी, नखाएवढी शिंपली आहे, मायटिलॉप्सिस सॅली नावाची. मूळची मेक्सिकोचं आखात आणि कॅरिबियनकडची. आपल्याकडे १९६७च्या सुमारास विशाखापट्टणमला दिसली, नंतर मुंबईच्या गोदीत. अंगातून निघणाऱ्या चिवट दोऱ्यांनी खांबाला, साखळीला, जहाजाच्या बुडाला चिकटून घोसच्या घोस लागतात. तिच्या कुळातलं कोणीही हिंद महासागरात मूळचं नाही. गावात अख्ख्या आडनावाचंच घर नसेल तर त्या आडनावाचा माणूस बाहेरून आला हे सांगायला पंचांग लागत नाही. शिवाय ती सापडते ती बंदरात. जहाजं लागतात तिथे दाट आणि लांबच्या खडकाळ किनाऱ्यावर नाही, हाही एक पुरावा.

हीच शिंपली ऑस्ट्रेलियात डार्विन शहराच्या बोटतळात १९९९च्या मार्चअखेर सापडली. तिथली गोष्ट मी नेहमी सांगते, कारण तिथल्या लोकांनी जे केलं होतं ते आपण वेळेत कुठेच केलेलं नाही. सहा महिने आधी त्यांनी त्याच जागी पाणबुडे उतरवून पाहणी केली होती आणि तेव्हा ही नव्हती. म्हणून ती दिसताच 'नवी' म्हणायला कोणाला परवानगी मागावी लागली नाही. डार्विनला भरती-ओहोटीचा फरक इतका मोठा की बोटतळांना दारं आहेत. ती दारं लावली आणि आत क्लोरीन आणि मोरचूद ओतलं. तीन बोटतळ, महिनाभराचं काम, वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त खर्च. शिंपली गेली. आतलं बाकीचंही जवळजवळ सगळं मेलं, हे सांगताना माझा आवाज जरा खाली येतो. मुंबई बंदराला अशी दारं लावता येणार नाहीत, तेव्हा "मग मारून का टाकत नाही" या उपप्रश्नाचं उत्तर इथेच झालं.

आता गुंता सुरू होतो. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त येतात त्या शिंपल्या नव्हेत, पॉलिकीट म्हणजे गांडुळाच्या नात्यातल्या समुद्री अळ्या. त्यांची नावं लावायला आपल्याकडे अजूनही फोव्हेल या फ्रेंच अभ्यासकाचा १९५३चा ग्रंथ उघडला जातो. अळीचे केस, जबडा, कल्ले बघत बघत पायरी पायरीने खाली यायचं आणि शेवटी जे नाव येईल ते डब्यावर लिहायचं. ती पायरी पुष्कळदा युरोपातल्या नावावर येऊन थांबते. घाण गाळात हमखास सापडणारी एक लाल, बारीक अळी घ्या. तिला जगभर कॅपिटेला कॅपिटाटा म्हणत आले. हे नाव १७८०मध्ये ग्रीनलंडच्या अळीला दिलेलं. बर्फाच्या समुद्रातली अळी आपल्या खाडीतल्या कोमट चिखलात? मग ती परकी. सरळ हिशोब.

हा हिशोब मीही केला होता. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका अहवालात अशीच एक अळी मी 'परकी' या रकान्यात टाकली. वरिष्ठांनी डबा परत मागवला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि एवढंच म्हणाले, "परकी कोण आहे, अळी की नाव?" मला तेव्हा राग आला होता. पण १९७६मध्येच अमेरिकेत दाखवून झालं होतं की त्या एका नावाखाली किमान सहा वेगवेगळ्या जाती नांदत होत्या, दिसायला एकसारख्या, वंशाने निराळ्या. म्हणजे आपल्या खाडीतली अळी कदाचित हजारो वर्षं इथलीच, फक्त तिला स्वतःचं नाव कोणी दिलं नाही. दुसऱ्याच्या नावाचा सदरा घालून ती आमच्या यादीत आली आणि आम्ही तिला पाहुणी समजलो.

उलटंही होतं. कॅरिजोआ रीसी नावाचं एक मऊ, पांढऱ्या फुलोऱ्याचं प्रवाळ आहे. १८६०मध्ये त्याला नाव मिळालं ते कॅरिबियनमधल्या नमुन्यांवरून. १९७२मध्ये ते हवाईत पर्ल हार्बरला दिसलं, पुढे खोल पाण्यातल्या काळ्या प्रवाळांवर चढून त्यांना गुदमरवू लागलं. सगळ्यांनी गृहीत धरलं की कॅरिबियनहून आलं. पुढे २०१०मध्ये डीएनए तपासल्यावर कळलं की याचं माहेर हिंद-प्रशांत महासागर. कॅरिबियनला तेच बहुधा पाहुणं म्हणून गेलं असणार, शास्त्रज्ञ पोचायच्या आधी, कुठल्या तरी लाकडी जहाजाच्या बुडाला लागून. आपल्याकडेही ते सापडतं आणि काही याद्यांत परकं म्हणून नोंदलेलं असतं. ते घरी परतलंय, इथलंच आहे, की दुसऱ्या किनाऱ्यावरून आलंय? अशांसाठी जेम्स कार्लटन या अमेरिकन सागरी अभ्यासकाने १९९६मध्ये एक वेगळा शब्दच काढला, क्रिप्टोजेनिक. मी माझ्या वहीत 'मूळ अज्ञात' लिहिते. तो रकाना सगळ्यात लांब होत चाललाय.

कारण साधं आहे. जहाज रिकामं निघतं तेव्हा तोल सांभाळायला पोटात बंदराचं पाणी भरून घेतं आणि माल चढवताना दुसऱ्या बंदरात ओततं. त्या पाण्यात पिल्लं तरंगत असतात. हे पाणी स्वच्छ करून सोडा असं सांगणारा आंतरराष्ट्रीय करार २००४चा, तो लागू झाला ८ सप्टेंबर २०१७ला. त्याच्या तयारीसाठी जगातली सहा बंदरं निवडली होती, त्यांत मुंबई होती, म्हणून तिथल्या तळाची नीट पाहणी झाली. पण जहाजं त्याआधी काही शतकं येत होती. लग्न लागल्यावर पाहुण्यांची यादी करायला बसावं, तसं आमचं आहे.

जमिनीवर हे सोपं जातं. वेताळ टेकडीवरचा गिरिपुष्प मध्य अमेरिकेचा, हे सकाळी फिरायला येणारे आजोबासुद्धा सांगतात, कारण तो लावताना बघितलेली माणसं अजून आहेत. समुद्रात मुद्दाम लावल्याची उदाहरणं थोडी. रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचाटकाचा मोठा लाल खेकडा १९६०च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी देशाच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्वेजवळच्या मुर्मान्स्ककडे नेऊन सोडला, आता नॉर्वेचे कोळी तो पकडून पैसे कमावतात. बाकी सगळे बिनतिकिटाचे.

आणि हो, "म्हणजे परप्रांतीय कालवं!" हा विनोद मला करू नका. दर वेळी कोणीतरी करतं. आपली काकई, जिला गोव्यात शिनाणे म्हणतात, ती हिरवी शिंपली १९९०मध्ये त्रिनिदादला पोचली आणि १९९९मध्ये फ्लोरिडातल्या टँपा खाडीत वीजकेंद्रांच्या पाणी ओढायच्या वाटा तिने बुजवल्या. तिथल्या यादीत ती उपद्रवी आहे. इथे आपण तिचं सुकं करतो.

काकईवरून केरळ आठवलं. दक्षिण अमेरिकेची मायटेला ही शिंपली सिंगापूरला २०१६मध्ये दिसली आणि दोन-तीन वर्षांत केरळच्या अष्टमुडी कायलात, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खाऱ्या सरोवरात. तिथे दोऱ्यांवर काकई वाढवणाऱ्यांच्या दोऱ्यांवर तीच बसली. ती तपकिरी असते, काळी असते, कधी हिरवीही असते, त्यामुळे आधी फसायला होतं. चेन्नईजवळ एन्नोरच्या खाडीत तिने तळ असा झाकला की कोळंबी धरणाऱ्यांच्या हाताला चिखलच लागेना. तिथल्या कोळ्यांनी तिला 'काका आळी' असं नावही दिलं आणि ओरडाही आधी त्यांनीच केला. त्यांच्याकडे डीएनए नव्हतं. पण रोज त्याच चिखलात हात घालणाऱ्या माणसाचं "ही पूर्वी नव्हती" हे वाक्य म्हणजे डार्विनच्या पाणबुड्यांची पाहणीच, फक्त कागदावर न उतरलेली.

हे सगळं मी मावशींना सांगितलं नाही, मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. मीच उलट विचारलं, या तिसऱ्यांत कधी वेगळी, न बघितलेली शिंपली येते का? त्यांनी टोपलीत हात फिरवला. "येते की. फेकून देतो."

फेकू नका म्हटलं, मला ठेवा. परवा निरोप आला: दुधाच्या पिशवीत मीठ लावून अकरा ठेवल्यात.