आमची वाटचाल: लॉगची वाट सर्व्हरवरच ठरते

ग्राहकांचे लिनक्स सर्व्हर सांभाळायला घेतले, तेव्हा प्रत्येक ॲप्लिकेशन आपापली लॉग फाइल, म्हणजे घडामोडींच्या नोंदींची फाइल, स्वतः लिहायचं. फाइलचा पत्ता कोडमध्येच असल्यामुळे तो बदलायचा तर नवं रिलीज काढावं लागे. आता ॲप्लिकेशन नोंद सिसलॉगच्या, म्हणजे नोंदी गोळा करणाऱ्या सामाईक यंत्रणेच्या, हवाली करतं आणि ती कुठे जायची ते आरसिसलॉग हा त्या यंत्रणेचा प्रोग्राम ठरवतो.

आपल्या वापरासाठी लोकल० ते लोकल७ अशा ८ फॅसिलिटी, म्हणजे नोंद कुठून आली ते सांगणाऱ्या खुणा, मोकळ्या असतात. एका ॲप्लिकेशनला एकच देतो आणि कोणती कुणाला दिली ते लिहून ठेवतो. गांभीर्याच्या पातळ्याही ८: ० सर्वांत गंभीर, ७ म्हणजे डीबग, दोष शोधण्यापुरत्या नोंदी. आरसिसलॉगच्या नियमात ‘एरर’ लिहिलं की एरर आणि त्याहून गंभीर नोंदी येतात. नेमक्या एररच हव्या असतील तर पातळीच्या आधी ‘=’ हे चिन्ह द्यावं लागतं.

घोळ होतो तो बहुतेक क्रमात. आरसिसलॉग.डी फोल्डरमधल्या नियमांच्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. उबंटूतली मूळ नियमांची फाइल ५० ने सुरू होते, म्हणून आमची ३० ने. आपल्या नियमाखाली ‘स्टॉप’ (इथेच थांब) नसेल तर तीच नोंद पुढे सिसलॉगच्या सामाईक फाइलमध्येही पडते आणि डिस्क दुप्पट भरते.

मध्यवर्ती सर्व्हरकडे नोंदी पाठवताना जास्त जपावं लागतं. पत्त्याआधी एक ‘@’ म्हणजे यूडीपी (पोच न घेता पाठवणं), दोन म्हणजे टीसीपी (पोच घेऊन पाठवणं). पोर्ट सहसा ५१४. यूडीपीत नोंद हरवली तरी कळत नाही, म्हणून आम्ही टीसीपीच घेतो. पण टीसीपीत पलीकडचा सर्व्हर बंद पडला आणि त्या ॲक्शनला (पाठवण्याच्या कामाला) थांबलेल्या नोंदींची स्वतंत्र रांग नसली, तर मुख्य रांग तुंबते आणि शेवटी लॉग लिहिणारं ॲप्लिकेशनच अडकून बसतं! लॉगपायी सेवा थांबणं आम्हाला कधीच मान्य नाही. म्हणून लिंक्डलिस्ट प्रकारची (मेमरीत लागेल तशी वाढणारी) रांग, तिला फाइलचं नाव, डिस्कवर कमाल १ जीबी, बंद होताना रांग जतन आणि पुन्हा प्रयत्नांची संख्या उणे १, म्हणजे अमर्याद, हे सगळं देतोच.

जुन्या लॉग फाइली बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेटने फाइलचं नाव बदललं तरी आरसिसलॉग जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतो; म्हणून पोस्टरोटेटमध्ये (नाव बदलल्यानंतर करायच्या कामांत) त्याला फाइल नव्याने उघडायला सांगणारा हप सिग्नल द्यावाच लागतो.

बदल केला की आधी ‘आरसिसलॉगडी -एन१’ या कमांडने नियमांची तपासणी, मग रीस्टार्ट आणि ‘लॉगर’ या कमांडने प्रत्येक पातळीची एकेक चाचणी नोंद. ती हव्या त्या फाइलमध्ये आली का, हे पाहतोच. नको त्या फाइलमध्ये गेली नाही ना, तेही पाहतो.