एबीएसचा संदेश कुठे हरवतो : कॅन बसच्या तपासाची प्रगती

सध्या ज्या डिझेल हॅचबॅकवर काम चालू आहे ती एका मित्राची असून, पोलादपूर आणि महाबळेश्वर यांच्या मधल्या आंबेनळी घाटातून तिचे नेहमी येणे-जाणे असते. तिचा दोष असा आहे की खराब रस्त्यावर चालताना स्पीडोमीटरचा काटा एकदम शून्यावर येतो, एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि पॉवर स्टिअरिंग या दोहोंचे दिवे एकाच वेळी लागतात, स्टिअरिंगचा जडपणा बदलतो आणि थोड्याच वेळात काटा पुन्हा जागेवर येतो. दोष पावसाळ्यात वाढतो, म्हणून पाणी शिरत असावे असा मित्राचा तर्क होता. एका गॅरेजने एबीएसचे मॉड्यूल, म्हणजे तिचा छोटा संगणक, बदलण्याचा सल्ला दिला होता. ते मॉड्यूल महाग असते आणि बसवल्यावर त्याचे कोडिंगही करावे लागते, त्यामुळे त्याआधी दोष नेमका कुठे आहे हे मोजून सिद्ध झाले पाहिजे, या आग्रहाने हे काम हाती घेतले आहे.

गाडीतली मॉड्यूले कॅन बस या दोन तारांच्या सामायिक जोडणीवरून एकमेकांना संदेश पाठवतात. पहिली पायरी स्कॅनरची, म्हणजे मॉड्यूलमधले दोषांचे कोड वाचणाऱ्या उपकरणाची, होती. मात्र केवळ एका मॉड्यूलमधले कोड न वाचता प्रत्येक मॉड्यूलने कोणाबद्दल तक्रार नोंदवली आहे, याचा तक्ता कागदावर मांडला. इंजिनाचे मॉड्यूल, स्टिअरिंगचे मॉड्यूल आणि डॅशबोर्डचे क्लस्टर या तिघांकडे यू०१२१ होता, म्हणजे एबीएसशी संपर्क तुटल्याची नोंद. एबीएसने मात्र कोणाहीबद्दल तक्रार केली नव्हती, तिथे फक्त वीजपुरवठ्याचा दाब (व्होल्टेज) कमी झाल्याचा कोड होता. यू मालिकेतला, म्हणजे संपर्कातल्या दोषाचा, कोड वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. हा कोड वाट पाहणाऱ्याने लिहिलेला असतो. गावच्या बैठकीला अमुक माणूस आला नाही एवढेच बाकीचे सांगू शकतात. तो आजारी आहे की वाटेतला साकव वाहून गेला आहे, हे त्यांच्या सांगण्यावरून कळत नाही. त्यामुळे यू०१२१ दिसला की एबीएस मॉड्यूल खराब, हा निष्कर्ष मला मान्य नाही. या तक्त्यातून एवढेच निघाले की एबीएस गप्प झाले तेव्हा बाकीचे तिघे एकमेकांशी नीट बोलत होते. गाडीचा वेग एबीएसच चाकांच्या सेन्सरवरून काढून बसवर टाकते, हे लक्षात घेतले की काटा शून्यावर येणे आणि स्टिअरिंगचा दिवा लागणे या दोन्ही गोष्टी त्याच एका मौनाचे परिणाम ठरतात.

त्यानंतर रोध मोजला. बॅटरीची वायर काढून, मॉड्यूल पूर्ण झोपी गेल्यावर, निदानाच्या सोळा पिनांच्या कनेक्टरमधल्या ६ आणि १४ या पिनांदरम्यान ६०.४ ओहम मिळाले. बसच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध असतो आणि ते समांतर असल्याने ६० ओहम अपेक्षितच आहेत. १२० दिसले तर एक टोक तुटले आहे, शून्याजवळ दिसले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत, आणि ४० दिसले तर कुठेतरी तिसरा रोध जोडला गेला आहे. हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ६० आले म्हणजे सगळी बस निर्दोष, असे मात्र नाही. या गाडीत टोकाचे रोध इंजिनाच्या मॉड्यूलमध्ये आणि क्लस्टरमध्ये आहेत, तर एबीएस मधल्या फाट्यावर लटकलेले आहे. तो फाटा पूर्ण तुटला तरी मीटर ६०च दाखवणार. शिवाय ज्या गाड्यांत निदानाचा कनेक्टर गेटवे मॉड्यूलच्या (वेगवेगळ्या बस एकमेकींना जोडणाऱ्या मॉड्यूलच्या) मागे असतो, तिथे या पिनांवर मिळणारा आकडा बहुधा फक्त निदानाच्या छोट्या बसचा असतो, आतल्या बसचा नव्हे. त्यामुळे मोजमाप करण्याआधी त्या गाडीची वायरिंगची आकृती मिळवणे मी अनिवार्य समजतो.

याच संदर्भात हौशी मंडळींसाठी एक सूचना. आपल्यापैकी पुष्कळ जण कॅन बसशी बोलणाऱ्या एमसीपी२५१५ चिपचे छोटे बोर्ड वापरतात. त्यांवर १२० ओहमचा रोध बहुधा आधीच बसवलेला असतो आणि तो जंपरने चालू-बंद होतो. जंपर तसाच ठेवून बोर्ड गाडीला जोडला, तर बसवर तिसरा रोध चढतो आणि तपासायला आणलेले साधनच दोष निर्माण करते. जंपर काढावा आणि चिप केवळ ऐकण्याच्या अवस्थेत चालवावी, म्हणजे ती संदेश मिळाल्याची पोचही देत नाही आणि चुकीचा झेंडाही, म्हणजे संदेशात चूक आढळल्याचा इशारा, उभारत नाही.

खरी माहिती ऑसिलोस्कोपने दिली. बस शांत असताना दोन्ही तारा सुमारे २.५ व्होल्टवर असतात. बिट ठळक (डॉमिनंट) झाला की, म्हणजे मॉड्यूलने बसवर ० पाठवला की, कॅन-हाय ३.५ च्या आसपास चढते आणि कॅन-लो १.५ च्या आसपास उतरते. ग्रहण करणारे मॉड्यूल फक्त या दोहोंतला फरक पाहते, आणि म्हणूनच ही पद्धत गाडीतल्या गोंगाटात टिकते. बॉशने १९८३ मध्ये हे काम सुरू केले आणि १९८६ मध्ये डेट्रॉइट येथे ते जाहीर केले, तेव्हापासून या रचनेचे बळ हेच राहिले आहे. तपासणाऱ्यासाठी मात्र हेच बळ अडचणीचे ठरते, कारण स्कोपवर केवळ दोन्ही वाहिन्यांची वजाबाकी पाहिली तर बरेच दोष दिसतच नाहीत. म्हणून कॅन-हाय आणि कॅन-लो स्वतंत्र वाहिन्यांवर, बॅटरीच्या ऋण टोकाच्या संदर्भाने पाहिल्या.

गाडी उभी, इग्निशन चालू, आणि एका हाताने बॅटरीच्या तळाजवळचा हार्नेस (तारांचा जुडगा) हलवत असताना जे दिसले ते या संपूर्ण कामातले सर्वांत मोलाचे चित्र आहे. बाकी सर्व फ्रेम (बसवरचे एकेक संदेश) ३.५ आणि १.५ या पातळ्यांवर होत्या, पण एक फ्रेम दर २० मिलिसेकंदांनी येताना सुमारे ४.२ आणि २.२ वर उचललेली होती. तिच्यातला फरक २ व्होल्टच होता, म्हणून कोणत्याही मॉड्यूलने तक्रार केली नव्हती. तिचा ओळख क्रमांक स्कोपच्या डिकोडरने वाचला आणि लॅपटॉपवर लिनक्सच्या सॉकेटकॅन या कॅन बस वाचणाऱ्या सोयीने घेतलेल्या नोंदीशी ताडून पाहिला, तेव्हा ती चाकांच्या वेगाची, म्हणजे एबीएसचीच फ्रेम निघाली. पाठवणाऱ्या मॉड्यूलचा स्वतःचा अर्थ (बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाणारी अर्थिंगची जोडणी) वर उचलला गेला की त्याच्या दोन्ही पातळ्या तेवढ्याच उचलल्या जातात. खराब अर्थ असलेले मॉड्यूल अशा प्रकारे ड्रायव्हरच्या पायाजवळच्या कनेक्टरवर बसूनच ओळखता येते, एकही पॅनेल न उघडता. ही युक्ती जितक्या लोकांना माहीत असायला हवी तितक्यांना ती माहीत नाही, असे माझे मत आहे.

तरीही दुसरी शक्यता बाजूला सारणे आवश्यक होते, ती म्हणजे एबीएसच्या फाट्यातली एखादी तार तुटत असण्याची. तशा वेळी फ्रेम अर्धवट बिघडते आणि बाकीची मॉड्यूले चुकीचा झेंडा उभारतात, जो सलग सहा ठळक बिटांचा असतो. ५०० किलोबिट वेगाच्या बसवर एक बिट २ मायक्रोसेकंदांचा असतो. फ्रेममध्ये एकसारखे पाच बिट झाले की सहावा उलटा घालण्याचा नियम असल्यामुळे निरोगी फ्रेममध्ये ठळक अवस्था १० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त टिकत नाही. म्हणून स्कोपचा ट्रिगर, म्हणजे चित्र टिपण्याची अट, ११ मायक्रोसेकंदांपेक्षा रुंद स्पंदावर लावला की फक्त चुकीचे झेंडे तेवढे टिपले जातात आणि हजारो चांगल्या फ्रेम आपोआप गाळल्या जातात. हा ट्रिगर लावून मित्राबरोबर घाटात फेरी मारली. एबीएस गप्प झाले त्या क्षणी एकही झेंडा उभा राहिला नाही. लॅपटॉपच्या नोंदीतही त्याची फ्रेम दर २० मिलिसेकंदांनी येता येता अचानक थांबली आणि परतली तेव्हा पहिल्या काही फ्रेममध्ये वेग शून्य होता. चुका वाढत जाऊन मॉड्यूल बसमधून बाहेर पडते तेव्हा असे होत नाही. तिथे प्रत्येक फसलेल्या पाठवणीला मॉड्यूलमधला चुकांचा गणक ८ ने वाढतो, २५५ ओलांडला की मॉड्यूल बस सोडते, आणि तोपर्यंत स्कोपवर झेंड्यांची रांग लागलेली असते. इथे मॉड्यूलचा पुरवठाच तुटून ते नव्याने सुरू झाले होते.

मग थेट अर्थकडे वळलो. मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि लाल तार एबीएसच्या जोडलेल्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून अर्थच्या पिनवर ठेवली. तारेच्या आवरणाला भोक पाडून मोजण्याची सवय टाळावी, कारण पुढच्या पावसाळ्यात त्याच भोकातून कळंक चढतो. इग्निशन चालू असताना ०.०६ व्होल्ट दिसले, जे उत्तम आहे, आणि हार्नेस हलवताच ०.७ व्होल्ट झाले. स्कोपवरच्या उचललेल्या पातळीशी हा आकडा जुळतो. मॉड्यूल साधारण ०.३५ अँपिअर घेत होते, म्हणजे मार्गात २ ओहम शिरले होते. एवढ्यावर संदेश चालू राहतो, पण एबीएसच्या पंपाची मोटर त्याच अर्थवर आहे आणि तिने १० अँपिअर मागितले तर त्याच २ ओहमना २० व्होल्ट लागतील, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीवर मॉड्यूलसाठी काहीच उरणार नाही. दाब कमी झाल्याचा कोड, अचानक मौन आणि शून्यापासून पुनरारंभ या तिन्हींचा मेळ इथे बसतो.

बॅटरीचा ट्रे काढल्यावर खालच्या अर्थच्या बोल्टवरचा लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) बाहेरून स्वच्छ होता. उष्णता-संकोची नळी कापली तेव्हा क्रिंपिंगच्या (दाबून बसवलेल्या जोडाच्या) आतले बहुतेक तांब्याचे पदर हिरवे होऊन तुटलेले आढळले. मोजकेच पदर शाबूत असले तरी ओहममीटर अर्थ चांगला असल्याचे दाखवतो, कारण तो फार थोड्या प्रवाहावर मोजतो. अर्थची परीक्षा नेहमी भार चालू ठेवून व्होल्टमध्येच करावी. पावसाशी असलेला संबंधही बहुधा खड्ड्यांतून येत असावा, कारण कोरड्या दिवशी गाडी उभी असतानाही केवळ हार्नेस हलवून दोष उभा करता आला. तार निरोगी तांब्यापर्यंत मागे कापली, नवा लग क्रिंप केला, बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडून धातू उघडा केला आणि घट्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन लावले. आता हार्नेस कितीही हलवला तरी ०.०३ व्होल्टच्या वर जात नाही, एबीएसची फ्रेम इतरांच्या रांगेत आली आहे, आणि घाटात काटा पडलेला नाही.

एक प्रश्न मात्र शिल्लक आहे. दुरुस्तीनंतरही ११ मायक्रोसेकंदांचा ट्रिगर क्वचित एखादा झेंडा पकडतो आणि त्या वेळी सर्व पातळ्या योग्य असतात. असे झेंडे एकाच ओळख क्रमांकामागून येत असते तर संशय त्या पाठवणाऱ्यावर गेला असता, पण ते वेगवेगळ्या फ्रेमच्या मध्येच येतात, म्हणून तारेवर किंवा एखाद्या ऐकणाऱ्यावर लक्ष ठेवावे लागेल. या गाडीत नंतर बसवलेली म्युझिक सिस्टिम स्टिअरिंगवरच्या बटणांसाठी कॅनच्या तारांना जोडलेली आहे. तो जोड तारांचा पीळ बराच उलगडून आणि दाबाच्या टॅपने (तार न कापता वरून दाबून बसवायच्या क्लिपने) केलेला दिसतो. पुढच्या टप्प्यात तिचा अडॅप्टर पूर्ण काढून, त्याच रस्त्यावर, त्याच ट्रिगरसह फेरी मारायची आहे. झेंडे थांबले तर टॅप काढून तारा पुन्हा पिळून सोल्डर करीन, आणि थांबले नाहीत तर एकेक मॉड्यूल फाट्यावरून सुटे करत जाईन. एअरबॅगचे पिवळे कनेक्टर मात्र बॅटरी काढून पुरेसा वेळ गेल्याशिवाय हाताळणार नाही.